खुणांप्रमाणे काम करावे

ताईचं पत्र येऊन दहा आठवडे झाले होते आणि प्रूफकाकांनी अजून त्याला उत्तर धाडलं नव्हतं. पत्र गहाळ झालं होतं असं नाही. ते टेबलाच्या वरच्या खणात, चष्म्याच्या घराखाली, रोज सकाळी हाताला लागेल असं ठेवलेलं होतं आणि रोज सकाळी ते इमानदारीत हाताला लागतही होतं.

पत्रात प्रश्न एकच होता. ताई एकोणऐंशी वर्षांची, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची. घरमालकाला ती खोली आता मुलासाठी हवी होती. ‘मला तीन महिन्यांत जागा सोडायची आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘तुझ्याकडे येऊ का? नाही म्हणालास तर इथल्या वृद्धाश्रमात नाव देऊन ठेवलंय, तिथे जाईन. पण एकदा तिथे पेटी ठेवली की मी ती पुन्हा उचलणार नाही, हे आधीच सांगते. हो की नाही ते लिही. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बोलत नाहीस.’

उत्तर ‘हो’ होतं. त्याबद्दल प्रूफकाकांच्या मनात पहिल्या मिनिटापासून शंका नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. ज्या गोष्टीबद्दल शंका नाही तिचं काय करायचं, याची त्यांना आयुष्यात सवयच लागली नव्हती.

पत्र आलं त्या दिवशी त्यांनी केलं काय, तर लाल पेन्सिल घेतली. एकेचाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. गल्लीतली माणसं त्यांना प्रूफकाका म्हणत ती त्यामुळेच. समोर कागद आला की हात आपोआप पेन्सिलीकडे जाई. ताईचं शिक्षण लहान भावाला सांभाळण्यात अर्ध्यावर सुटलेलं. तिची ‘आणी’ त्यांनी ‘आणि’ केली, ‘महीना’ ‘महिना’ केला, एक ‘खीडकी’ ऱ्हस्व केली. चार पानांत एकूण एकोणीस चुका निघाल्या, सगळ्यात जास्त शेवटच्या पानावर. मग त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्यांनी पत्र खणात ठेवलं. सख्ख्या बहिणीनं आसरा विचारला आणि या गृहस्थानं तिला शुद्धलेखनाचे गुण दिले!

त्यानंतर उत्तराचे मसुदे सुरू झाले. पहिला मसुदा मायन्यापाशीच अडकला. दुसऱ्यात ‘तुझे पत्र मिळून आनंद झाला’ असं लिहिलं, पण जागा सुटली म्हणून आनंद कसला, असं वाटून तो फाडला. सातव्या मसुद्याच्या सुमारास मात्र त्यांना उत्तर न लिहिण्याचं एक भक्कम कारण सापडलं, आणि भक्कम कारण सापडलं की भित्र्या माणसाला केवढं बरं वाटतं म्हणून सांगू!

कारण असं, की नऊ वर्षांपूर्वी, त्यांची पत्नी, म्हणजे काकू, गेल्या तेव्हा, ताई चार दिवस राहायला आली होती. आतल्या खोलीच्या दारात उभं राहून तिनं जमिनीपासून छतापर्यंतची पुस्तकं पाहिली होती आणि विचारलं होतं, “आणि यात माणूस कुठे ठेवतोस?” तेव्हापासून त्या खोलीत पुस्तकांची भरच पडली होती. अशा खोलीत तिला बोलवायचं कोणत्या तोंडानं? तेव्हा आधी घर बोलावण्यासारखं करावं आणि मग बोलवावं, असा त्यांनी निर्णय घेतला. निर्णय घेताना आपण फार जबाबदारीनं वागतो आहोत असं त्यांना वाटलं. ते तसं वाटलं, तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

त्यांची लेक दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. तिथल्या बाकावर घरसजावटीची मासिकं पडलेली असत. त्यांतली तीन प्रूफकाकांनी सदऱ्याखाली घालून घरी आणली. चोरी त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच केल्यामुळे दरवाजातून निघताना त्यांनी उगाचच सगळ्या रोग्यांना नमस्कार केला.

मासिकं त्यांनी परीक्षेला बसल्यासारखी वाचली. वहीत टिपणं काढली. त्यांत असं निघालं, की घरात प्रकाशाचे तीन थर असावे लागतात. त्यांच्याकडे एक ट्यूबलाइट होती, आणि तीही पेटायच्या आधी तीन वेळा विचार करायची. खोलीत ‘नकारात्मक जागा’ असावी असंही होतं. हे वाचून ते जरा दुखावले. मग पुढच्या ओळीत कळलं, की नुसत्या मोकळ्या जागेलाच तसं म्हणतात. ‘भिंतीला श्वास घेऊ द्या.’ ‘वस्तू नेहमी विषम संख्येत मांडा.’ हा शेवटचा नियम त्यांना पटला, निदान कळला तरी. त्यांनी कपाटातून दोन कप काढले, एक परत ठेवला, आणि उरलेल्या एकाकडे लांबून पाहिलं. कप एकटा पडल्यासारखा दिसत होता. सजवल्यासारखा काही दिसेना.

पुस्तकं रंगांप्रमाणे लावायची टूम सध्या जोरात आहे, असं तिन्ही मासिकांचं म्हणणं होतं. प्रूफकाकांनी एक अख्खा दिवस खपून निळी एकीकडे, तांबडी एकीकडे, असं लावून पाहिलं. त्यात चार खंडांच्या शब्दकोशाची ताटातूट झाली: पहिला खंड हिरव्यांत, दुसरा आणि चौथा तपकिऱ्यांत, आणि तिसरा, त्याचं वेष्टन फाटलेलं असल्यामुळे, कुठल्याच रंगात बसेना. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चारही खंड एकत्र आणले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मग ते दुकानात गेले. एवढं मोठं दुकान, की आत शिरल्यावर बाहेर कसं पडायचं त्याच्या पाट्या लावलेल्या. तिथल्या मुलीनं विचारलं, “सर, तुमची स्टाइल काय?”

“माझी?” प्रूफकाका म्हणाले. “साधारणच.”

“म्हणजे वॉर्म मिनिमल,” ती म्हणाली, आणि तिनं ते कागदावर लिहूनही घेतलं.

प्रूफकाकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्र्याहत्तर वर्षं आपल्याला एक स्टाइल होती आणि कुणी बोललं नाही! त्या भरात त्यांनी वेताचा लोंबता दिवा, सूर्यासारखे किरण असलेला आरसा, पाच उशा, उंच मातीचा कुंभ, त्यात खोचायला वाळक्या गवताचे फुलारलेले तुरे, आणि ‘ओलं रान’ नावाच्या वासाच्या तीन मेणबत्त्या घेतल्या. तिनं एक विणलेली शालही दिली. ती खुर्चीवर सहज पडल्यासारखी टाकायची होती. घरी आल्यावर ती सहज पडल्यासारखी टाकायला त्यांना पाऊण तास लागला.

संध्याकाळी लेक आली. तिनं दारातच चप्पल काढता काढता नजर फिरवली.

“बाबा, हे गवत?”

“शोभेचं आहे.”

“असं होय. मला वाटलं गाय घेताय.”

प्रूफकाकांना उत्तर सुचलं होतं, पण त्याच क्षणी शिंक आली. ती ओसरेपर्यंत दुसरी आली. गवताचा भुसा दिवसभर हवेत उडत होता आणि आता तो पाचही उशांवर समान वाटला गेला होता.

“आणि पाच उशा! बसायचं कुठे?”

“उशा बाजूला करून.”

“मग आणल्या कशाला?” लेकीनं कमरेवर हात ठेवले. “खरं सांगा, कोणी येणार आहे का?”

“छे! कोण येणार?” प्रूफकाका म्हणाले आणि आरशात पाहू लागले. किरणांच्या मधोमध एक खोटारडा म्हातारा दिसत होता. नऊ वर्षांत लेकीशी खोटं बोलायची वेळ आली नव्हती. एकदम खरं सांगायचं तर दहा आठवड्यांचा हिशोब द्यावा लागला असता. ती म्हणाली असती, बाबा, एका ओळीचं उत्तर! आणि ते तिचं म्हणणं बरोबर असलं असतं. आपण चुकतो आहोत हे त्यांना एकट्याला ठाऊक असणं चालत होतं. दुसऱ्यानं ते वाचून दाखवलेलं त्यांना सोसायचं नाही. ज्यांचा जन्म दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात गेला त्यांची कातडी अशीच पातळ राहते.

आता आतली खोली तेवढी उरली होती, आणि मुदतीला जेमतेम तीन आठवडे. तिथे सुताराचं काम होतं. तीन मांडण्या, एक मोडकी खुर्ची, एक तिपाई, दोन खोकी आणि दाराआडची उंच घडवंची एवढं सगळं बाहेर काढायचं, खिडकीजवळ पलंगापुरती जागा मोकळी सोडायची, आणि भिंतीवर ठोकलेलं काचेचं कपाट मात्र तसंच राहू द्यायचं, कारण शब्दकोश त्यात होते. एवढं सुताराला तोंडानं सांगायचं. पण प्रूफकाकांना कुणाला काम सांगायचं म्हटलं की घाम फुटे. रिक्षावाल्यालासुद्धा ते ‘तुम्हाला त्रास होणार नसेल तर डावीकडे’ असं सांगत, आणि तोवर डावं वळण मागे गेलेलं असे.

तेव्हा त्यांना एक नामी युक्ती सुचली. आदल्या दिवशी त्यांनी खडू घेतला आणि खोलीभर खुणा केल्या. जन्मभर केल्या त्याच खुणा. जे काढून टाकायचं त्यावर शेपटीचा वळसा. जिथे जागा सोडायची तिथे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा. आणि कपाटाच्या खाली भिंतीवर एका ओळीत ठिपके. प्रुफात एखादा शब्द चुकून खोडला गेला आणि तो तसाच ठेवायचा असला, की त्याच्याखाली ठिपके देतात. छापखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की ठिपके म्हणजे ‘राहू द्या’. दारावर त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: ‘खुणांप्रमाणे काम करावे.’ किल्ली शेजारी दिली आणि सुतार यायच्या आत ते वाचनालयात पळाले. आपल्या व्यवस्थितपणाचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

चार वाजता ते परतले तेव्हा सुतार अवजारं पुसत बसला होता. अबोल, सावकाश माणूस.

“झालं?” प्रूफकाकांनी विचारलं.

“जवळजवळ,” सुतार म्हणाला. “बघा.”

प्रूफकाकांनी पाहिलं. मांडण्या जिथल्या तिथे होत्या. खुर्ची, तिपाई, खोकी, घडवंची सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त प्रत्येकाला एक एक मजबूत पितळी हुक बसवलेला होता. मोडक्या खुर्चीच्या पाठीलासुद्धा हुक होता. भिंतीवरचं कपाट तेवढं जागेवर नव्हतं. ते शब्दकोशांसकट अलगद उतरवून जमिनीवर टेकवलेलं होतं आणि भिंतीत, एका ओळीत, बावीस भोकं होती.

“ही भोकं?” प्रूफकाकांनी विचारलं.

“तुम्ही ठिपके दिले होते ना, तिथेच पाडली. एक इकडे नाही की तिकडे नाही. वर कपाट होतं, ड्रिल नीट धरता येईना, म्हणून उतरवलं.” सुतारानं कौतुकानं मान डोलावली. “ओळ एकदम सरळ काढली होती तुम्ही. पण काका, बावीस भोकांवर बसवायचं काय आहे?”

“आणि हुक?”

“खडूनं हुकाची चित्रं काढली होती की जागोजागी. आठ होती. खुर्चीचं जरा नवल वाटलं, पण म्हटलं वाचणारी माणसं, असेल काहीतरी. खिडकीजवळ जाळी दाखवलीय ती राहिली. जाळी उद्या आणतो.”

प्रूफकाका तिपाईवर बसले. बसताना हुक लागला. एकेचाळीस वर्षं त्यांनी चुका शोधल्या होत्या. एवढी निर्दोष, एवढी रेखीव चूक त्यांच्या पाहण्यात आली नव्हती आणि ती सर्वस्वी त्यांची होती.

“हे ठिपके,” ते पुटपुटले, “म्हणजे ‘राहू द्या’.”

सुतारानं ठिपक्यांकडे, म्हणजे भोकांकडे, पाहिलं.

“मग ‘राहू द्या’ लिहायचं की हो,” तो म्हणाला. “मला वाचता येतं.”

तो रागावून बोलला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. तेवढ्यात ड्रिलच्या आवाजाची तक्रार दवाखान्यापर्यंत पोहोचली असावी, कारण लेक पांढऱ्या कोटातच घरात शिरली आणि आतल्या खोलीच्या दारात थबकली.

“बाबा! हे काय? भिंतीचे दात काढलेत?”

लेकीनं एक एक हुक पाहिला, मग वडिलांच्या समोर उकिडवी बसली. आवाज खाली आणला.

“बाबा, आता लपवू नका. कोणी बाई आहे का?”

“आहे,” प्रूफकाका म्हणाले.

लेकीनं कोटाच्या खिशात हात घातले. सुतार अवजारं पिशवीत भरायचा थांबला.

“बरं. हरकत नाही. म्हणजे मी समजू शकते. वय काय त्यांचं?”

“माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे.”

“बाबा!”

“तुझी आत्या,” प्रूफकाका म्हणाले आणि त्यांनी उठून खणातलं पत्र तिच्या हातात दिलं.

लेक वाचू लागली. पहिल्या पानावर तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे लाल काय आहे? तुम्ही आत्याच्या पत्रातल्या चुका काढल्यात?” त्यांनी मान खाली घातली. “आणि उत्तर?”

“मसुदा चालू आहे.”

“दहा आठवडे?”

“घर आवरलं नव्हतं. म्हटलं आधी घर…”

“पण तिनं इथे काय लिहिलंय?” लेकीनं शेवटचं पान पुढे केलं. “तुम्ही वाचलंत ना?”

“वाचलं म्हणजे काय! त्यातला ‘रु’ दीर्घ केलाय मी.”

“काय लिहिलंय ते सांगा.”

प्रूफकाकांनी ते पान मनातल्या मनात उलटून पाहिलं. त्यांना ‘रु’ आठवत होता. शेवटच्या पानावरच्या सात चुका त्यांना ओळीवार आठवत होत्या. मजकूर आठवत नव्हता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मुख्य मुद्रितशोधकांनी त्यांना बजावलं होतं, की प्रूफ वाचताना अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलात की चूक बाजूनं निसटते. तो धडा ते इतका मुरवून बसले होते, की काकू कधी कधी चिडून म्हणत, “तुम्ही माझं ऐकत नाही, तपासता.”

त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या लाल रेघांच्या मधून, पहिल्यांदाच, बहिणीचं पत्र वाचलं.

‘आणि ठोंब्या, मी येणार म्हणून घर आवरू नकोस. तू आवरायला लागलास की सापडत नाहीस. लहानपणी पाहुणे आले की तू दप्तर आवरत बसायचास आणि पाहुणे निघून जायचे. मला पसाऱ्याचं काही नाही. तेव्हा बोलले ते रागानं नव्हते बोलले, मला तिथे माझ्यासाठी जागा दिसते का ते बघत होते. एक खिडकी पुरे.’

लेकीनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “हे गवत टाकून द्या आधी.”

“आता काय उपयोग,” प्रूफकाका म्हणाले. “आधी निदान भिंत धड होती. आता या अशा खोलीत तिला…” वाक्य त्यांनी सवयीनं अर्धं सोडलं.

“त्यांना भोकं चालत नाहीत का?” सुतारानं विचारलं.

त्याला खरोखरच माहिती हवी होती. प्रूफकाकांनी त्या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. ताईला भोकं चालतात की नाही, हुक चालतात की नाही, एक कप चालतो की तीन लागतात, यातलं काहीही त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. तीन मासिकांना मात्र विचारलं होतं.

“मी फोन करते आत्याला,” लेक म्हणाली.

“नको. तिला ऐकू येत नाही.” प्रूफकाका उठले. “तिनं लिही म्हटलंय.”

आतल्या खोलीतल्या टेबलावर भोकांचा चुरा पडला होता, म्हणून ते बाहेर पाच उशा जमिनीवर टाकून खुर्चीत बसले. सहज पडलेली शाल त्यांच्या पाठीखाली चुरगळली. मायना त्यांनी लिहिलाच नाही, म्हणजे तिथे अडायचा प्रश्न उरला नाही.

‘ताई, ये. मुदतीची वाट बघू नकोस, मिळेल त्या गाडीनं ये. मी दहा आठवडे उत्तर दिलं नाही, त्याला कारण नाही. घर आवरलेलं नाही. भिंतीला बावीस भोकं आणि सामानाला आठ हुक आहेत. ते का, हे तू आल्यावर सांगेन, म्हणजे तुला हसता येईल. खिडकी एक आहे. तिच्यासमोरचं सगळं आज काढतो. सुतार इथेच आहे, त्याला मी तोंडानं सांगणार आहे. तुझा ठोंब्या.’

लिहून झाल्यावर हात लाल पेन्सिलीकडे गेला. लेकीनं ती आधीच उचलली होती आणि केसांत खोचली होती.

“सुतारभाऊ,” प्रूफकाका दारातून म्हणाले. “त्या तीन मांडण्या बाहेर काढा. खुर्ची, तिपाई, खोकी, घडवंची, सगळं बाहेर. जाळी नको.”

“हुकांसकट?”

“हुकांसकट. तुम्हाला त्रास…” ते थांबले. “हुकांसकट.”

टपाल कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. प्रूफकाका चालले, मग चक्क धावले. निदान त्यांच्या मते ते धावणं होतं. एक बाई बाळाची गाडी ढकलत त्यांच्या पुढे निघून गेली. वाटेत तीन ठिकाणी त्यांना वाटलं, की ‘मिळेल त्या गाडीनं’ हे फार आगाऊपणाचं झालं. चौथ्या ठिकाणी वाटलं, ‘त्याला कारण नाही’ ऐवजी ‘त्याचं कारण नाही’ हवं होतं का? पाकीट बंद होतं. ते उघडायला थांबलं असतं तर खिडकी बंद झाली असती, आणि ते उघडायला थांबणारच होते, पण मागून येणाऱ्या माणसाचा धक्का लागून ते पुढे सरकले आणि रांगेत जाऊन पोहोचले.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं.

“लवकर पोहोचवणारं हवं ना? परवा मिळेल. पोच हवी का?”

“नको,” प्रूफकाका म्हणाले. “ती स्वतःच येईल.”

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी पाकिटावर दोन शिक्के मारले, ते मागच्या पोत्यात टाकलं आणि खिडकी लावून घेतली.